ओळख मॅनेज्ड स्विचची



कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय आपल्याला तीन गोष्टींसाठी आठवतो. ओएसआयचे सात लेअर, सबनेटिंगची गणितं आणि व्हायव्हाला हमखास येणारा "हब आणि स्विचमध्ये फरक काय?" हा प्रश्न. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण नोकरीला लागल्यावर साहेबांनी चोवीस पोर्टचा स्विच समोर ठेवला आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत हा लावून टाक," तर सुरुवात कुठून करायची? ते पुस्तकात एका जागी सापडत नाही. म्हणून हा लेख.

गंमत अशी आहे की तो स्विच नुसता प्लगला लावला तरी चालू होतो. केबल खोचल्या की नेट येतं, प्रिंट निघते, साहेब खूश! खूप जण इथेच थांबतात. पण खोक्यातून काढलेला नवा स्विच सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवतो. कोणीही यावं, कोणत्याही पोर्टला केबल लावावी, कोणाशीही बोलावं. धंद्याच्या जागी हे परवडत नाही. मॅनेज्ड स्विच कॉन्फिगर करायचा म्हणजे कोणी कोणाशी बोलायचं ते आधी ठरवायचं आणि मग स्विचला नीट लिहून द्यायचं. एवढं लक्षात राहिलं तर पुढच्या कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

थोडा इतिहास

इथरनेटची कल्पना १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. पुढे हब आले. हब म्हणजे चाळीच्या चौकात उभं राहून ओरडणारा माणूस. निरोप एकाचा, पण ऐकणार सगळी चाळ. स्विचचं काम पोस्टमनसारखं असतं. कोणत्या पोर्टमागे कोणता मॅक ॲड्रेस आहे याची तो वही ठेवतो आणि निरोप त्याच दारात टाकतो. पत्ता वहीत नसेल, किंवा ब्रॉडकास्ट असेल, तेव्हा मात्र त्यालाही सगळी दारं वाजवावी लागतात. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आला आणि तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'! विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या इंजिनिअरने अमेरिकेत काढलेल्या या कंपनीला पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

आधी कागद, मग कीबोर्ड

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारी छोटी कंपनी आहे. खाली शॉप फ्लोअर, वर ऑफिस. दोन्हीकडे चोवीस पोर्टचा एकेक मॅनेज्ड स्विच आणि वर इंटरनेटच्या तोंडाशी एक फायरवॉल. आता कागदावर लिहा, या इमारतीत नेटवर्क कोण कोण वापरतं?

- अकाउंट्स : टॅलीचा सर्व्हर, पगाराच्या फाइली : व्हीलॅन १०
- ऑफिस आणि डिझाइन : व्हीलॅन २०
- शॉप फ्लोअरची सीएनसी मशीन : व्हीलॅन ३०
- सीसीटीव्ही कॅमेरे : व्हीलॅन ४०
- पाहुण्यांचं वाय-फाय : व्हीलॅन ५०
- स्विच सांभाळण्यासाठी मॅनेजमेंट : व्हीलॅन ९९

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे मनाने पाडलेले वेगवेगळे स्विच. एका व्हीलॅनमधला ब्रॉडकास्ट दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक व्हीलॅनला स्वतःचा सबनेट द्या आणि नंबर जुळवून ठेवा. म्हणजे व्हीलॅन ३० ला १९२.१६८.३०.०, व्हीलॅन ४० ला १९२.१६८.४०.०. रात्री अकरा वाजता फोनवर कोणी आयपी ॲड्रेस सांगितला तर तो कुठला हे लगेच कळतं.

एवढी विभागणी कशाला, असं मालक विचारतीलच. त्यांना सीएनसी मशीन दाखवा. अशा मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा अजून विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असतं. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. मशीन देणाऱ्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून अपग्रेड करता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या जगातल्या मोठ्या चिप कंपनीत नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकताना चूक झाली. मशीन नेटवर्कला जोडलं आणि वॉनाक्रायच्या जातीचा व्हायरस आत पसरून उत्पादन थांबलं. टीएसएमसीची ही गत, तर आपल्या सातपूरच्या मालकांचं काय? व्हायरस व्हीलॅनने मरत नाही, पण शॉप फ्लोअरवर शिरलेला पगाराच्या फाइलींपर्यंत सहज पोचत नाही.

पायरी १ : कुलूप

नव्या स्विचला पहिल्यांदा कन्सोल केबलने भेटायचं. टर्मिनल प्रोग्राममध्ये स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर बहुधा स्पीड चुकलेला असतो.

(पुढच्या कमांड सिस्को पद्धतीच्या आहेत. मराठी विभाग म्हणून देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं, हे सांगायला नकोच!)

होस्टनेम एसडब्ल्यू-खाली
एनेबल सीक्रेट (इथे पासवर्ड)
यूजरनेम (नाव) सीक्रेट (पासवर्ड)
आयपी डोमेन-नेम (कंपनीचं डोमेन)
क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८
लाइन व्हीटीवाय ० १५
लॉगिन लोकल
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच

'एनेबल पासवर्ड' नाही, 'एनेबल सीक्रेट'. पहिला कॉन्फिगरेशनमध्ये उघडा दिसतो, दुसऱ्याचा हॅश ठेवला जातो. शेवटच्या ओळीने टेलनेट बंद होतं. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जातो, म्हणजे पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहिण्यासारखं. स्विचचा स्वतःचा आयपी व्हीलॅन ९९ मध्ये ठेवा, समजा १९२.१६८.९९.२, आणि तिथे फक्त नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरूनच जाता येईल असं करा.

पायरी २ : पोर्ट वाटून द्या

खालच्या स्विचवर १ ते ८ सीएनसीला, ९ ते १६ कॅमेऱ्यांना. १७ ते २२ सध्या रिकामे. २३ आणि २४ वरच्या मजल्याकडे.

व्हीलॅन ३०
नेम शॉपफ्लोअर
इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - ८
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ३०

बाकीचे गट असेच. रिकाम्या पोर्टना सरळ 'शटडाऊन' द्या. भिंतीतलं रिकामं सॉकेट म्हणजे रस्त्याकडे उघडं राहिलेलं मागचं दार. उद्या नवीन मशीन आलं की दोन मिनिटांत उघडता येतं.

प्रत्येक पोर्टला 'डिस्क्रिप्शन' लिहायची सवय लावून घ्या. 'सीएनसी ४, पूर्व भिंत' एवढंच लिहिलं तरी तुमच्यानंतर येणारा माणूस दुवा देईल.

कॅमेऱ्यांना करंट केबलमधूनच मिळतो, त्याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ स्टँडर्डप्रमाणे स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो. चोवीसही पोर्टला तेवढे द्यायचे तर ३६९.६ वॅट लागतील. सगळ्या स्विचचं बजेट एवढं नसतं. स्विच घेण्याआधी डेटाशीट बघा, नाहीतर शेवटचे दोन-तीन कॅमेरे आंधळेच राहतील. आणि कॉपर केबलची १०० मीटरची मर्यादा विसरू नका. शेडच्या पलीकडच्या टोकाला फायबर लागेल.

पायरी ३ : ट्रंक

खालच्या मजल्यावर कॅमेरे आहेत आणि त्यांचा रेकॉर्डर वर. म्हणजे एकाच केबलमधून अनेक व्हीलॅनची वाहतूक न्यायची. त्यासाठी प्रत्येक फ्रेमवर चार बाइटची चिठ्ठी चिकटवली जाते. हे ८०२.१क्यू स्टँडर्ड. चिठ्ठीत व्हीलॅन नंबरसाठी १२ बिट असतात, म्हणजे ४०९६ नंबर. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४०९४. (व्हायव्हाला विचारतात!)

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/२३ - २४
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,४०,५०,९९
स्विचपोर्ट नोनेगोशिएट

नेटिव्ह व्हीलॅन म्हणजे चिठ्ठी नसलेल्या फ्रेमचं घर. तो दोन्ही टोकांना सारखा हवा आणि दुसऱ्या कशालाही न वापरलेला हवा. शेवटच्या ओळीने स्विच समोरच्याशी 'ट्रंक करू या का?' अशी बोलणी बंद करतो.

इथे एक खड्डा आहे. सहा महिन्यांनी व्हीलॅन ६० वाढवायचा झाला आणि कोणी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ६०' टाइप केलं, तर ६० ची भर पडत नाही. जुनी यादी पुसली जाते आणि फक्त ६० उरतो! अकाउंट्स, मशीन, कॅमेरे सगळं एका एंटरमध्ये बंद. व्हीलॅन ९९ पण गेला, म्हणजे दुरुस्तीला आत शिरायचा रस्ताही गेला. बरोबर कमांडमध्ये 'अलाउड व्हीलॅन ॲड ६०' असं लिहायचं.

म्हणून लांबून काम करताना आधी 'रीलोड इन १०' द्या. दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होईल आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येईल. काम नीट झालं की 'रीलोड कॅन्सल'.

दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर शब्द तपासून घ्या. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात 'टॅग्ड' आणि 'अनटॅग्ड' म्हणतात. तिथे 'ट्रंक' म्हणजे अनेक केबल एकत्र बांधून केलेली एक जाड वाट. शब्द तोच, अर्थ वेगळा.

पायरी ४ : भिंतीतली दारं

व्हीलॅन वेगळे झाले, आता गरजेपुरती दारं उघडायची. वरच्या स्विचचा एक ट्रंक फायरवॉलला जातो आणि प्रत्येक व्हीलॅनचा गेटवे फायरवॉलवर असतो. तिथे नियम लिहायचे. डिझाइनच्या कॉम्प्युटरवरून सीएनसीला प्रोग्राम पाठवता यावा. शॉप फ्लोअरवरून अकाउंट्सला जाता येऊ नये. कॅमेऱ्यांनी रेकॉर्डरशीच बोलावं, पण रेकॉर्डर त्यांच्याच व्हीलॅनमध्ये असल्यामुळे तिथे नियमच लागत नाही. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. शेवटचा नियम : बाकी सगळं बंद.

ही पायरी गाळली तर व्हीलॅनचा अर्धा उपयोग जातो. राउटर सगळे सबनेट इमानदारीत एकमेकांना जोडून देतो, कारण त्याचं कामच ते आहे.

पायरी ५ : लूप आणि एका आईचं गणित

खालच्या आणि वरच्या मजल्यामध्ये आपण दोन केबल टाकल्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. पण यातून गोल रस्ता तयार झाला. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर एक कमी होत होत ते मरतं. इथरनेट फ्रेमला असा टीटीएल नाही. आणि स्विच ब्रॉडकास्टला सगळी दारं वाजवतो हे वर पाहिलंच. तर एक ब्रॉडकास्ट दोन केबलमधून फिरत राहतो आणि त्याच्या प्रती वाढत जातात. काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत काम करताना शोधला : स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसात बोलून एकाला मूळ, म्हणजे रूट, ठरवतात आणि जादा रस्ता तात्पुरता बंद ठेवतात. मुख्य केबल तुटली की तो उघडतो. पर्लमन यांनी हा अल्गोरिदम समजावणारी एक कविताही पेपरमध्ये दिली होती. सेमिनार देताना कविता लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी! विज्ञानात आई, मुलगी, बायको या नात्यांपलीकडे बाईचं नाव कुठे दिसतं, असं विचारणाऱ्यांसाठीही हे उत्तर आहे : त्या दोन मुलांच्या आई आहेत आणि जगभरातली नेटवर्क त्यांच्या गणितावर उभी आहेत.

रूट कोण होणार हे नशिबावर सोडू नका. सगळ्यांची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो रूट, आणि तो कोपऱ्यातला जुना खटारा स्विचही असू शकतो. म्हणून वरच्या मुख्य स्विचवर लिहा :

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,२०,३०,४०,५०,९९ प्रायॉरिटी ४०९६

खालच्या स्विचवर मोड तोच द्या. कॉम्प्युटर, मशीन आणि कॅमेऱ्यांच्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल' द्या. पोर्टफास्टमुळे पोर्ट लगेच चालू होतो. बीपीडीयू गार्डमुळे तिथे कोणी दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद पडतो. ट्रंकवर पोर्टफास्ट देऊ नका.

हे पुस्तकी वाटत असेल तर बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरची गोष्ट वाचा. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथलं नेटवर्क कोसळलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत नेटवर्क इतकं लांबलं होतं की स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर गेलं. काही दिवस डॉक्टर-नर्सना प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट कागदावर लिहून हातोहात न्यावे लागले. आपल्या कंपनीत पेशंट नाहीत, पण ट्रक गेटवर उभा आहे आणि चलन निघत नाही, ही वेळ येऊ शकते.

पायरी ६ : दाराशी वॉचमन

हा प्रकार हॉस्टेलवाल्यांना चटकन कळेल. रूमवर कोणी वाय-फाय राउटर आणतो आणि भिंतीची केबल वॅन पोर्टाऐवजी लॅन पोर्टात लावतो. झालं! राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर अख्ख्या मजल्याला आपले आयपी वाटायला लागतो आणि सगळ्यांचं नेट जातं. कंपनीत असं कोणी मुद्दाम केलं तर सगळी वाहतूक त्याच्या मशीनमधून वळवता येते.

यावर उपाय डीएचसीपी स्नूपिंग. 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग' ही कमांड आणि कोणत्या व्हीलॅनवर ते हवं ती यादी. मग फक्त खऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या दिशेच्या पोर्टवर 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट'. बाकी पोर्टवरून कोणी आयपी वाटायला लागला तर स्विच त्याचे निरोप फेकून देतो. ट्रंकवर ट्रस्ट द्यायला विसरलात तर मात्र खालच्या मजल्यावर कोणालाच आयपी मिळणार नाही. विंडोजच्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसला तर समजा की डीएचसीपीपर्यंत निरोप पोचत नाहीये. आधी हा ट्रस्ट आणि ट्रंकची यादी बघा.

दुसरा वॉचमन म्हणजे पोर्ट सिक्युरिटी. एका पोर्टवर किती मॅक ॲड्रेस चालतील ते ठरवायचं. सिस्कोवर मुळात आकडा एक असतो आणि जास्त दिसले की पोर्ट बंद होतो. आयपी फोनच्या मागे कॉम्प्युटर असेल तर आकडा वाढवावा लागतो. एकदम कडक न राहता 'रिस्ट्रिक्ट' मोडने सुरुवात करा. त्यात परका अडवला जातो, नोंद होते, पण पोर्ट चालू राहतो.

पायरी ७ : घड्याळ आणि नोंदवही

स्विचचं घड्याळ चुकीचं असेल तर लॉग कितीही असले तरी उपयोग शून्य. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' द्या, एनटीपी लावा आणि लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवा. भारतात हा हौसेचा भाग राहिलेला नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी वेळ जुळवायला, १८० दिवसांचे लॉग ठेवायला आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे.

पायरी ८ : सेव्ह आणि कॉपी

आतापर्यंतचं सगळं काम स्विचच्या रॅममध्ये आहे. लाइट गेली की गेलं! 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिलं की ते फ्लॅश मेमरीत बसतं. आपल्याकडे एमआयडीसीत आठवड्याच्या सुट्टीला वीज जातेच, त्यामुळे ही कमांड विसरलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सापडतो.

याशिवाय एक कॉपी स्विचच्या बाहेर ठेवा. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल सोयीतून अनेक देशांतले स्विच हल्लेखोरांनी पुसून टाकले. इराणमध्ये मोठा फटका बसला. ज्यांच्याकडे कॉपी होती त्यांनी ती परत भरली, बाकीच्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. ती सोय वापरत नसाल तर 'नो व्हीस्टॅक' देऊन बंद करा.

करून बघा

स्विच विकत घ्यायची गरज नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग ॲकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतं. वरची कंपनी त्यात उभी करा. इंटरफेसचे नंबर थोडे वेगळे दिसतील, घाबरू नका. मग या चार चाचण्या घ्या :

१. एका सीएनसीवरून दुसऱ्या सीएनसीला पिंग जायला हवं.
२. सीएनसीवरून टॅली सर्व्हरला पिंग जाता कामा नये.
३. २३ नंबरची केबल काढा. थोड्याच वेळात २४ मधून काम सुरू व्हायला हवं.
४. दोन्ही स्विच बंद करून चालू करा आणि पहिल्या तिन्ही चाचण्या पुन्हा घ्या.

दुसरी चाचणी बहुतेक जण गाळतात. 'चालतंय ना?' एवढंच बघायची आपल्याला सवय आहे. पण जे चालायला नको ते खरंच बंद आहे का, हे बघितल्याशिवाय स्विच लावून झाला असं म्हणू नका. चारही चाचण्या पास झाल्या की पहिल्या पायरीचा कागद, पोर्टची यादी आणि कॉन्फिगरेशनची कॉपी एका फायलीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवा. सोमवारचं काम झालं.